मासा की पाऊस?

ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करा आणि ते जराही न हलवता आतून 'ई' म्हणा. थोडा विचित्र आवाज येईल, येऊ द्या. आता त्याच्या आधी हलकासा 'य' लावा. झालं! तुम्ही हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत 'मासा' म्हणालात. किंवा कदाचित 'पाऊस' म्हणालात. अक्षर दोन्हींचं एकच, 'यू'सारखं. मासा की पाऊस हे ठरतं तुमचा आवाज किती उंचीवर सुरू झाला आणि तिथून कुठे गेला त्यावर.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात असा घोटाळा मुळीच परवडायचा नाही. तिथल्या बंदरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. म्हणजे पाऊस आला की मासा नाही, आणि मासा हवा तर पाऊस सरायला हवा. कोकण किनारा आणि हाँगकाँग यांचं नातंही माशाचंच आहे. घोळ माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. ती वाळवून परदेशी पाठवतात आणि हाँगकाँगच्या बाजारात तिला भारी किंमत येते. गंमत अशी, की घोळ ज्या कुळातला आहे त्या कुळातले बरेच मासे याच पिशवीलगतचे स्नायू थरथरवून पाण्यात ढुमढुम आवाज काढतात. आवाज करणारी ही पिशवी जिथे विकली जाते तिथली माणसं तिला म्हणतात 'फा-काऊ', दोन्ही अक्षरं उंच आणि सपाट सुरात.

आता तुम्ही म्हणाल, सूर बदलून बोलणं आपल्याला कुठे येतं? येतं की! जेटीवर मासळीचा लिलाव चालू असताना डोळे मिटून उभे राहा. बोली वाढते तसा बोलणाऱ्याचा आवाज चढत जातो. कुणी विचारतं, कुणी नाकारतं, कुणी लांबून हाक मारतं, आणि शब्द नीट कळले नाहीत तरी यातलं काय चाललंय ते ओळखू येतं. याला आपण हेल म्हणतो. घरी 'हो' हा एकच शब्द घेऊन बघा: शंका आल्यासारखा, कंटाळल्यासारखा, आनंदाने, रागाने. चारही वेळा सूर निराळा. पण अर्थ? 'हो' म्हणजे 'हो'च राहिलं. बदलला तो फक्त तुमचा मूड.

कँटोनीजमध्ये तोच सूर शब्दाचाच भाग असतो. आपल्याकडे 'क'च्या जागी 'ग' म्हटलं तर शब्द बदलतो, तिथे उंचीच्या जागी खोली आली तरी बदलतो. अशा भाषांना सूरभाषा म्हणू या. जगात त्या शेकड्यांनी आहेत, आणि सगळ्या लांबच्याच नाहीत. आपल्या पंजाबीत सूर आहेत, मणिपुरी, मिझो आणि बोडोतही आहेत. पंजाबी माणूस 'घोडा' म्हणतो तेव्हा नीट ऐका. 'घ' जवळपास 'क' होतो आणि आवाज खाली बुडी मारतो. ती बुडी मारली नाही तर घोड्याचा चाबूक होतो!

हे सगळं घडतं कुठे? गळ्यावर दोन बोटं ठेवून गुणगुणा. बोटांना थरथर लागेल. आत स्वरयंत्र आहे आणि त्यात स्वरतंतूंची जोडी. फुप्फुसातून हवा वर आली की हे तंतू उघडझाप करतात: मोठ्या पुरुषाचे सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा, बाईचे साधारण २०० वेळा, तुमच्यासारख्या मुलांचे त्याहूनही जास्त. एक छोटा स्नायू स्वरयंत्रातली कूर्चा झुकवून तंतूंना ताणतो. ताण वाढला की उघडझाप जलद होते आणि सूर चढतो. हाँगकाँगच्या मुलाकडे यापेक्षा वेगळं काहीही नसतं. तोच स्नायू, तेच तंतू. त्याला फक्त हा स्नायू प्रत्येक अक्षरावर नेमका हलवायची सवय असते.

कँटोनीजमध्ये असे सहा सूर आहेत. 'सी' हे अक्षर घ्या. उंच आणि सपाट 'सी' म्हणजे कविता. मधल्या उंचीचा सपाट 'सी' म्हणजे करून पाहणं. खालचा सपाट 'सी' म्हणजे एखादी बाब, एखादं काम. हे तीन सपाट झाले. खालून पार वरपर्यंत चढणारा 'सी' इतिहासातला. खालून अर्ध्यावर जाऊन थांबणारा 'सी' बाजारातला. आणि तळाशी घसरत जाणारा 'सी' वेळेचा. यातला प्रत्येक 'सी' एकटा वापरतातच असं नाही, काही मोठ्या शब्दाचे तुकडे आहेत. शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये एक लेखनपद्धत केली. तिच्यात अक्षरापुढे सुराचा आकडा लिहितात, १ ते ६.

यातले दोन चढते सूर नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतात. पूर्ण चढणारा दुसरा आणि अर्धाच चढणारा पाचवा. आपला मासा नेमका यांच्यातच अडकलाय. 'पाऊस' पाचव्या सुरात असतो. 'मासा' मुळात घसरत्या चौथ्या सुराचा, पण रोजच्या बोलण्यात एकटा आला की तो बहुधा दुसऱ्या सुरात उडी मारतो! म्हणजे दोन्ही चढतात. मासा पुरता वर जातो, पाऊस मध्येच थांबतो. हाँगकाँगमध्येच जन्मलेल्या काही माणसांच्या बोलण्यात हे दोन सूर एकमेकांत मिसळू लागलेत, असं अभ्यासकांना आढळलं आहे. तेव्हा तुम्हाला फरक कळायला वेळ लागला तर त्यात नवल काहीच नाही.

आणि 'उंच' म्हणजे किती उंच? बाबांच्या जाड आवाजातला उंच सूर तुमच्या आवाजात तळाचा असू शकतो. गाण्यात प्रत्येक गायकाचा 'सा' आपापला असतो ना, तसंच इथे. ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या आवाजाचा अंदाज घेतो, एकदोन अक्षरांत घेतो, आणि मग त्याचा वरचा-खालचा ठरवतो. मेंदू हे इतक्या झटपट करतो की आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग हाँगकाँगची माणसं रागावतात, लाडात येतात, आश्चर्य करतात तेव्हा काय होतं? आवाज थोडा वरखाली होतोच, पण शब्दाचा सूर मोडून चालत नाही. म्हणून भावना वाहून न्यायला वाक्याच्या शेवटी 'आ', 'ला', 'मे', 'वो' अशी चिमुकली अक्षरं लावतात. ती तिसाहून जास्त आहेत. मला हा भाग फार आवडतो, कारण कोकणातही 'गो', 'रे', 'ना', 'हां' हे शेपटीला लावल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

रत्नागिरीच्या हवेत एक सूरभाषा तीसहून अधिक वर्षं बोलली जात होती, हे ठाऊक आहे का? थिबा राजवाडा तुम्ही पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला, आणि १९१९ मध्ये त्याचं कुटुंब मायदेशी परतलं. त्यांची भाषा बर्मी. तिच्यात चार सूर. 'खा' खालच्या सुरात म्हटलं तर हलवणं, उंच आणि लांब म्हटलं तर कडू असणं, गळा आवळून चरचरीत म्हटलं तर सेवेला हजर राहणं, आणि झटक्यात तोडलं तर फटका मारणं. बर्मी सुरांत नुसती उंची नसते, गळा सैल आहे की आवळलेला हेही मोजलं जातं.

राजाला चार मुली. धाकटी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. या मुली मराठीही बोलायच्या. घरात प्रत्येक अक्षराचा सूर सांभाळायचा आणि बाहेरच्या माणसांशी आपल्यासारखा हेल काढायचा, हे त्या मुली करत होत्या, आणि दोन्ही एकाच गळ्यातून! कुणी त्यांना सुरांचे तक्ते दिले नव्हते. लहान वयात कानावर जे पडतं ते गळा उचलतो. सहाएक महिन्यांच्या बाळाला परक्या भाषेतले सूरभेदही कळतात. घरात सूरभाषा नसेल तर नवव्या महिन्यापर्यंत ही पारख मंदावते. मेंदू कामाचे फरक ठेवतो, बाकीच्यांकडे लक्ष देणं सोडतो. पण दार कायमचं बंद होत नाही. सराव केला तर मोठ्यांचाही कान पुन्हा तयार होतो.

सराव कसा करायचा यावर माझं मत पक्कं आहे: आधी ऐका, बोलायची घाई नको. आकडे पाठ करून सूर येत नाही. आणि एकेका सुट्या अक्षरावर घासत बसण्यापेक्षा जोड्या घ्या, कारण शेजारी दुसरा सूर असला की पहिला आपोआप स्पष्ट होतो. 'यू-तान' घ्या. यू खाली घसरतो, तान वर चढतो. हाँगकाँगच्या रस्त्यांवर काडीला टोचून मिळणारे माशाचे गोळे म्हणजे हे. मग 'काय-सी': काय उंच सपाट, सी खालून अर्ध्यावर. मासळी-भाजीचा बाजार. त्यानंतर सपाट-सपाट 'फा-काऊ'. हात हवेत वरखाली नेत म्हणा. मोठी माणसंही असंच शिकतात, लाजू नका. आपल्या मराठी गळ्याची एक खोड मात्र सांभाळा. शब्द बरोबर आहे ना अशी शंका आली की आपला आवाज प्रश्नासारखा चढतो. तेवढ्याने शब्दच बदलतो!

राहिला एक प्रश्न. सूर शब्दाला बांधलेला असेल तर ही माणसं गाणी कशी गातात? आपल्याकडे एकाच अभंगाला वेगवेगळ्या चाली लागतात. चाल 'माउली'वर चढो की उतरो, माउली ती माउलीच. कँटोनीजमध्ये चाल चुकीच्या जागी चढली तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येईल. म्हणून तिथल्या सिनेमाच्या आणि पॉप गाण्यांत बहुधा चाल आधी तयार होते. मग गीतकार बसतो आणि प्रत्येक जागी असे शब्द शोधतो, ज्यांचे सूर त्या चालीबरोबरच चढतील आणि उतरतील. अर्थ जुळला पाहिजे, यमक जुळलं पाहिजे आणि वर हेही जुळलं पाहिजे. तुमच्या आवडत्या गाण्याचं धृपद घ्या, कुठे चढतं आणि कुठे उतरतं ते हाताने कागदावर रेघ ओढून काढा, आणि त्या रेघेला धरून 'मासा', 'पाऊस', 'बाजार' कुठे कुठे बसवता येतील ते बघा.