सह्याद्रीची गोम

पावसाळ्यात वखारीतील गोणी उचलताच गोम दिसते आणि हात काठीकडे जातो. तिला ‘शतपाद’ म्हणतात. परंतु पायांच्या जोड्या नेहमी विषम असल्याने तिचे पाय नेमके शंभर कधीच भरत नाहीत. सह्याद्रीतील ‘डिजिटिपेस’ वंशातील गोमींना २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय असतात. अंगातील ओलावा लवकर उडतो, म्हणून ती ओलसर आडोसा शोधते. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांचे रक्षण करते. जैन शास्त्रांत तिची गणना त्रींद्रिय जीवांत आहे. दंश विषारी असल्याने तिला हात लावू नये. लांब दांड्याच्या सुपलीत यत्नपूर्वक घेऊन बाहेर ओल्या पाचोळ्यात सोडावे. त्यात भय आणि अहिंसा दोन्ही सांभाळली जातात.