औषध म्हणतो ते विष

पिकावर आपण जे फवारतो त्याला आपण ‘औषध’ म्हणतो. “आज औषध मारायचंय,” असे म्हणत माणूस पाठीवर पंप चढवतो. पहिला घात होतो तो या नावानेच. औषध माणसाला बरे करते. हे तर जीव मारण्यासाठी केलेले विष!

२०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडोंना दवाखान्यात ठेवावे लागले. यांनी काही विष प्यायले नव्हते. मग ते अंगात गेले कसे? श्वासातून आणि कातडीतून. पंप गळतो, सदरा भिजतो, उन्हाने घाम सुटतो आणि ओल्या कातडीतून विष हळूहळू आत मुरते. पीक डोक्याएवढे वाढलेले असले की तुषार थेट तोंडावर येतात.

आत गेल्यावर ते काय करते? आपल्या नसा स्नायूंना व ग्रंथींना एका रसायनाच्या द्वारे निरोप देतात. निरोप पोचला की शरीरातले दुसरे एक द्रव्य ते रसायन पुसून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे नेमके हे पुसणारे द्रव्यच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी. बाहुल्या बारीक होतात, नजर अंधुक होते. उलट्या होतात, छाती भरून येते आणि शेवटी श्वास अडतो.

अशा वेळी “ऊन लागलं असेल” म्हणून झाडाखाली निजवू नका. शेताबाहेर न्या, कपडे उतरवा, साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवा. धुणाऱ्यानेही आपले हात जपावेत. लगेच दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. कोणते विष हे कळले तर डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

पण ही वेळ येऊच का द्यावी? पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि बूट वापरा. वारा पाठीशी ठेवा. तुंबलेली नळी तोंडाने फुंकू नका. विष हाताने ढवळू नका. काम चालू असताना तंबाखू, विडी, खर्रा नको. मजूर लावला असेल, तर ही साधने त्याला देणे मालकाचे काम आहे. रोजंदारीत जीव मोजलेला नसतो!

आता गुरुजनांना एक विनंती. प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अति जहाल, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा झाला तरी तो विषाचाच. हे चार त्रिकोण फळ्यावर काढून दाखवा. ज्या घरी वडिलांना वाचता येत नाही, तिथे मुलगी तो डबा वाचून दाखवील. आणि वडील शेतातून आले की तीच म्हणेल, “बाबा, आधी आंघोळ करा, मग मला जवळ घ्या.”