सांधे पोखरणारी प्रथिने

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पोळपाटावर लाटणे फिरवताना मनगट कळवळते आणि बोटे सैल पडायला तास जातो. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ पण हा आमवात असू शकतो. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. त्याचे मूळ सांध्यांच्या झिजेत नसून शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे.

सांध्याला आतून पातळ अस्तर असते. आमवातात संरक्षक पेशी तिथे ठाण मांडतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही प्रथिने सोडत राहतात. जंतुसंसर्गात हीच प्रथिने आपल्याला वाचवतात आणि काम झाले की ओसरतात. इथे ती ओसरत नाहीत. अस्तर जाड होते, कूर्चा आणि हाड कुरतडले जाते. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी नावाचे प्रथिन बनवायला लावते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये वाढलेला आकडा दिसतो तो याचाच.

इतक्या प्रथिनांपैकी एकच अडवून काय साधणार, अशी शंका होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि फक्त टीएनएफ रोखले. त्याबरोबर इंटरल्युकिन-१ही घटले. हे 1989 साली प्रसिद्ध झाले. 1992मध्ये फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी यांनी लंडनच्याच चॅरिंग क्रॉस रुग्णालयात रुग्णांना टीएनएफ रोखणारे औषध दिले. सूज झपाट्याने उतरली. मात्र औषधाचा अंमल संपताच ती परतली. म्हणजे रोग ताब्यात येतो, मुळासकट जात नाही.

टीएनएफ क्षयाच्या सुप्त जंतूंनाही कोंडून ठेवते. म्हणून आपल्याकडे टीएनएफ रोखणारे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करायलाच हवी. बहुतेकांना मात्र आधी मेथोट्रेक्सेट दिले जाते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

एकदा कुरतडलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून बोटांचे सांधे सुजले असतील आणि सकाळचा आखडलेपणा आठवडेच्या आठवडे टिकला असेल, तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलू नका. सीआरपी नॉर्मल आला तरी निर्धास्त राहू नका. लगेच संधिवाततज्ज्ञांना दाखवा.