‘स्वेच्छा’ कोणाची, ‘सेवा’ कोणाची?

मुदतीआधी नोकरी सोडणारा बँक कर्मचारी ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेतो. शिबिरात रक्त देणारा तरुण ‘ऐच्छिक रक्तदाता’ म्हणवला जातो. घरोघरी फिरून गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारी ‘आशा’ ही ‘स्वयंसेविका’ असते, तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत शोपेनहॉअर ‘संकल्पवादी’ ठरतो. या चौघांसाठी मराठीत चार निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र ‘व्हॉलंटरी’, ‘व्हॉलंटियर’ आणि ‘व्हॉलंटरिझम’ हे एकाच कुळातले शब्द वापरले जातात. इच्छा या अर्थाचा ‘व्होलुन्टास’ हा लॅटिन शब्द त्यांचे मूळ होय. मूळ एक असले तरी हे शब्द एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्यांची सरमिसळ झाली, तर नुकसान केवळ भाषेचे होत नाही. कोणाच्या श्रमाला वेतन म्हणायचे आणि कोणाच्या श्रमाला सेवा, हेही त्यावरच ठरते.

बुद्धी श्रेष्ठ की इच्छा?

तत्त्वज्ञानातील ‘व्हॉलंटरिझम’चा समाजसेवेशी काहीही संबंध नाही. बुद्धी आणि इच्छा यांत मूलभूत कोण, हा तेथील वाद आहे. त्याचे एक बीज प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सापडते : एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून ती देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून ती पवित्र ठरते? मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती विचारवंतांपुढे हाच प्रश्न नव्या रूपात आला. ईश्वराच्या इच्छेमुळेच कृत्य चांगले वा वाईट ठरते, या मताकडे झुकणाऱ्यांत चौदाव्या शतकातील विल्यम ऑफ ऑकम याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पुढे १८१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात शोपेनहॉअरने आंधळी, अतृप्त इच्छा हेच जगाचे अंतःस्वरूप असल्याचे प्रतिपादन केले. या अर्थासाठी मराठीत ‘संकल्पवाद’ हा शब्द सोयीचा आहे.

मार्क्सवादी चर्चेत हाच शब्द दूषण म्हणून वापरला जातो. आर्थिक परिस्थिती पक्व झालेली नसताना केवळ निर्धाराच्या बळावर इतिहास पुढे ढकलता येतो, असे मानणाऱ्यावर तो आरोप केला जातो. चीनमध्ये १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘मोठ्या झेपे’वर अनेक टीकाकारांनी हाच ठपका ठेवला.

सक्ती आणि संमती

दुसरा अर्थ राजकीय आहे. येथे इच्छेचा प्रतिपक्ष बुद्धी नसून शासनाची सक्ती हा आहे. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात शिक्षणात सरकारने पैसा व अधिकार घेऊन उतरू नये, लोकांच्या स्वेच्छा-प्रयत्नांवरच शाळा चालाव्यात, असा आग्रह धरणारा एक गट होता. लीड्सचे पत्रकार एडवर्ड बेन्स हे त्याचे अग्रणी होते. स्वेच्छेचे बळ अपुरे पडते, हे १८६७ मध्ये खुद्द बेन्स यांनीच मान्य केले आणि १८७० मध्ये ब्रिटिश संसदेने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याच शतकात ऑबेरॉन हर्बर्ट यांनी करभरणासुद्धा ऐच्छिक असावा, येथपर्यंत हा विचार नेला. त्याला ‘स्वेच्छावाद’ म्हणणे उचित ठरेल.

महाराष्ट्रातील सुधारकांनी याच प्रश्नावर विरुद्ध बाजू घेतली, हे लक्षणीय आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. ज्यांच्या दारी शाळाच नाही, त्यांच्या ‘इच्छे’ला अर्थ उरत नाही, हे या मागणीमागचे मर्म होते.

सेवा आणि मोबदला

तिसरा अर्थ रोजच्या वापरातला आहे : स्वयंसेवा. येथेही दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. ‘स्वयंसेवी संस्था’ म्हणजे शासनाच्या हुकमाखाली नसलेली संस्था. तिचे कर्मचारी पगारी असू शकतात. ‘मानसेवी’ म्हणजे वेतन न घेता काम करणारा; तो सरकारी समितीवरही असू शकतो. विल्यम बेव्हरिज यांनी १९४८ च्या ‘व्हॉलंटरी ॲक्शन’ या ग्रंथात स्वेच्छाकार्याची कसोटी म्हणून शासनापासूनचे स्वातंत्र्यच सांगितले. गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य निर्वाहापुरती रक्कम घेत असत. त्यांच्या सेवेला त्यामुळे बाधा आली नाही, कारण मर्यादित मिळकतीचे व्रत त्यांनी स्वतः घेतले होते.

हे व्रत दुसऱ्याने लादले की प्रश्न निर्माण होतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ ही त्यातील मानसेवी कार्यकर्ती ठरली. तिचे उत्पन्न प्रामुख्याने कामानुसार मिळणाऱ्या भत्त्यांचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मागण्यांसाठी संप करावा लागला. अंगणवाडी सेविकांना मिळते तेही ‘मानधन’. परंतु एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. शब्द ‘मानधन’ असला, तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच होय, असे न्यायालयाने मानले.

शब्दामागचा प्रश्न

एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आणखी मूलगामी भूमिका घेतली होती. किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर काम पत्करणाऱ्याला भूक आणि दारिद्र्य भाग पाडत असते. म्हणून ते घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेले सक्तीचे श्रम होत, असे न्यायालयाने म्हटले. संमती दिसली म्हणजे स्वेच्छा असतेच असे नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणूनच ‘ऐच्छिक’ वा ‘स्वयंसेवी’ हा शब्द कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत. हे काम नाकारण्याची खरी मोकळीक आहे काय? ते कोणाच्या हुकमाने चालते? आणि मोबदला न घेण्याचा निर्णय काम करणाऱ्याचा आहे, की काम करवून घेणाऱ्याचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘करवून घेणाऱ्याचा’ असे आले, तर त्या कामाला सेवा म्हणणे हा गौरव नसून काटकसर ठरते.