नवशिक्यांनी येऊ नये, बाकीच्यांनी कितीही लांबून यावं

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठाजवळ, माउंट बोहेमिया नावाचा एक डोंगर आहे. डोंगर म्हणायचं ते तिथल्या सपाट मुलखाच्या मानाने. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार 900 फुटांचा, म्हणजे पावणेतीनशे मीटर. कोलोरॅडोतल्या व्हेलसारख्या नामांकित ठिकाणी हाच उतार साडेतीन हजार फुटांच्या जवळ जातो. बोहेमियावर माणसं वर नेणाऱ्या लिफ्ट दोनच आहेत. कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रं नाहीत. पडलेला बर्फ रात्री दाबून सपाट करायची पद्धत जगभर आहे, तीही इथे नाही. आणि येणाऱ्याला आधीच बजावून ठेवलेलं असतं : स्कीइंग नुकतंच शिकत असाल तर इथे येऊ नका.

तरीही बर्फ धरला की शिकागो, मिनियापोलिस आणि डेट्रॉइटहून टपावर स्की बांधलेल्या गाड्या इकडे निघतात. हे अंतर थोडंथोडकं नाही. डेट्रॉइट मिशिगनमध्येच असलं तरी तिथून बोहेमिया नऊशे किलोमीटरहून लांब आहे. त्यापेक्षा देशाची राजधानी वॉशिंग्टन डेट्रॉइटला जवळ पडते. शिकागोहून सातशेच्या आसपास, मिनियापोलिसहून सहाशेच्या वर. वाटेत याहून सोयीची स्की ठिकाणं लागतात. ती मागे टाकून माणसं इथवर का येतात, या प्रश्नाचं उत्तर लहान पर्यटनस्थळ चालवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून ते जरा सविस्तर पाहू.

आधी जागा. सुपीरियर सरोवरात आत घुसलेलं कीविनॉ नावाचं चिंचोळं द्वीपकल्प आहे. एकोणिसाव्या शतकात इथे तांब्याच्या खाणी निघाल्या, फिनलंडपासून कॉर्नवॉलपर्यंतचे कामगार आले, गावं वसली. पुढे खाणी बंद पडल्या आणि माणसं निघून गेली. 2020च्या जनगणनेत कीविनॉ काउंटीची लोकसंख्या 2,046 भरली. मिशिगनमधली ही सर्वांत कमी वस्तीची काउंटी. अशा ठिकाणी स्थानिक गिऱ्हाइकाच्या जोरावर लिफ्ट चालवणं अशक्यच. बोहेमिया 2000 साली सुरू झालं तेव्हापासून त्याला लांबचा माणूस हवा होता, दुसरा पर्यायच नव्हता.

या मुलखाकडे विकण्यासारखं एकच होतं, बर्फ. कॅनडाकडून येणारी कोरडी, गोठवणारी हवा सरोवराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून वाहते, वाटेत बाष्प उचलते आणि द्वीपकल्पाच्या कण्यावर चढताना ते बर्फाच्या रूपात टाकून देते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना कोकणात आणि घाटमाथ्यावर रिते होतात, तसाच हा प्रकार. तिथे समुद्राच्या जागी सरोवर आहे आणि पावसाच्या जागी हिमवर्षाव. बोहेमियावर वर्षाला सरासरी 273 इंच, म्हणजे सात मीटरच्या जवळपास बर्फ पडतो, असं बोहेमिया चालवणारे सांगतात. 1978-79च्या हिवाळ्यात या काउंटीत 390.4 इंचांची नोंद झाली; तो आकडा दाखवणारा उंच फलक आजही महामार्गाच्या कडेला उभा आहे आणि येणारेजाणारे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

पण नुसता बर्फ माणसाला नऊशे किलोमीटर ओढून आणत नाही. इथे स्कीच्या धंद्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. लिफ्टची वीज, यंत्रांची देखभाल, विमा, बचाव पथक, पगार हा सगळा खर्च पन्नास माणसं आली तरी तेवढाच आणि पाचशे आली तरी जवळजवळ तेवढाच. जास्तीच्या प्रत्येक माणसाकडून येणारा पैसा बहुतांशी शिल्लक राहतो. प्रश्न असतो तो माणूस कधी येतो याचा. जवळच्या गावातला ग्राहक शनिवारी सकाळी येतो, घरून आणलेला डबा खातो आणि संध्याकाळी घरी परततो. त्याच्यामुळे शनिवारी लिफ्टपाशी रांग लागते आणि मंगळवारी खुर्च्या रिकाम्या फिरतात. सातशे किलोमीटरवरून आलेला माणूस मात्र एका दिवसासाठी येत नाही. तो दोन-चार रात्री राहतो, त्यातले एक-दोन दिवस तरी आठवड्याच्या मधले असतात, दोन वेळा बाहेर जेवतो आणि बहुधा मित्रांना घेऊन येतो. लांबच्या एका माणसाची किंमत तिकिटाच्या दराने मोजली तर चुकते.

असा माणूस मिळवायचा सरधोपट मार्ग म्हणजे सगळ्यांसाठी सगळं करणं : मुलांसाठी सोपे उतार, मधल्यांसाठी सपाट केलेला बर्फ, बाकीच्यांसाठी हॉटेल. मोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्यांच्या भांडवलापुढे 900 फुटांचा डोंगर टिकणं शक्य नाही. बोहेमियाचे मालक लोनी ग्लीबरमन यांनी उलट वाट धरली. मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या तरबेज स्कीपटूंची अडचण अशी की भोवतालच्या बहुतेक टेकड्या लहान, सौम्य उताराच्या आणि कृत्रिम बर्फावर चालणाऱ्या. झाडांच्या दाटीतून, खडकांच्या कड्यांवरून, गुडघाभर भुसभुशीत बर्फातून उतरायचं तर विमानाने थेट रॉकी पर्वत गाठायचा. या मूठभर माणसांसाठी बोहेमिया उभं राहिलं. सोप्या उतारांसाठी वापरतात ती हिरवी खूण इथे लावलीच नाही.

‘नवशिक्यांना प्रवेश नाही’ ही पाटी उर्मट वाटू शकते. मला ती प्रामाणिक वाटते. ज्याला झेपणार नाही त्याचा पाय मोडण्याआधी ती त्याला थांबवते, आणि ज्याला हेच हवं होतं त्याला शेकडो किलोमीटरवरून ऐकू जाते. ‘आमच्याकडे सगळं आहे’ अशी जाहिरात करणारं ठिकाण फक्त जवळच्यांच्या कामाचं असतं, कारण सगळं प्रत्येकाच्या जवळपासही मिळतं. लांबून यायला माणसाला एक नेमकं कारण लागतं, आणि ते घरी बायकोला किंवा नवऱ्याला एका वाक्यात पटवून देता आलं पाहिजे.

अर्थात प्रत्येकाने नवशिक्यांना नाही म्हटलं तर पुढचे तरबेज कुठून येणार? याचंही उत्तर त्याच मुलखात आहे. बोहेमियापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर हॅनकॉक गावात मॉण्ट रिप्ली ही टेकडी आहे. ती मिशिगन टेक विद्यापीठाच्या मालकीची आहे आणि विद्यार्थी व गावातली मुलं तिथे स्की शिकतात. रिप्ली शिकवते म्हणून बोहेमियाला न शिकवणं परवडतं. या शेजाराचा उल्लेख बोहेमियाच्या कौतुकात फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

दुसरी गोष्ट पासाची. बोहेमियाचा पूर्ण हंगामाचा पास वर्षानुवर्षं 99 डॉलरला मिळत असे, पुढे 109 झाला. व्हेलसारख्या ठिकाणी ऐन गर्दीच्या दिवशी खिडकीवर घेतलेलं एका दिवसाचं तिकीट आता 300 डॉलरच्या वर जातं, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. मात्र हा दर वर्षभर मिळत नाही. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही दिवसच ही विक्री चालते. तोवर बर्फ नीट पडलेलाही नसतो. म्हणजे हिवाळा कसा जाणार हे कुणालाच ठाऊक नसताना ठिकाणाच्या हाती रोकड येते, आणि हवामानाचा धोका हजारो खिशांत थोडाथोडा वाटला जातो. घेणाऱ्यालाही हा पास जड वाटत नाही. एका सहलीत पैसे वसूल. पास खिशात पडला की मोठ्या हिमवर्षावाची बातमी आल्यावर प्रश्न ‘जायचं का?’ असा न राहता ‘कधी निघायचं?’ असा होतो. शिवाय हाच पास दाखवला की देशभरातल्या इतर काही लहान ठिकाणीही मोजके दिवस मोफत स्की करता येते.

तिसरी गोष्ट बसची. डोंगराच्या मागच्या अंगाला उतरलेल्या माणसाला परत आणायला तिथे लिफ्ट लागली असती आणि नवी लिफ्ट म्हणजे कोट्यवधींचा खर्च. बोहेमियाने त्याऐवजी रस्त्यावर बस ठेवल्या. माणसं जंगलातून थेट रस्त्यावर उतरतात आणि बस त्यांना लिफ्टपाशी आणून सोडते. मुक्कामालाही झगमगीत हॉटेल नाही; लाकडी खोल्या, एकत्र राहायची सोय, गोल तंबूवजा युर्ट, आणि फिनिश खाणकामगारांच्या सौनाची परंपरा असलेल्या या मुलखाला साजेसं गरम पाण्याचं स्नानगृह. जिथे ग्राहकाला फरक पडतो तिथे खर्च, बाकी ठिकाणी काटकसर. हा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण लहान ठिकाणं बहुतेकदा मोठ्यांची नक्कल करण्याच्या कर्जातच बुडतात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सातशेहून अधिक स्की ठिकाणं होती. आज पाचशेही उरलेली नाहीत.

वेगळेपणावर तगलेलं दुसरं ठिकाण व्हरमाँट राज्यातलं मॅड रिव्हर ग्लेन. तिथे एकेका माणसाला वर नेणारी, 1948 सालापासूनची एका खुर्चीची लिफ्ट होती. 1995 साली स्की करणाऱ्यांनीच सहकारी संस्था काढून हा डोंगर विकत घेतला. लिफ्ट जुनी झाली तेव्हा जास्त माणसं नेणारी नवी बसवणं व्यवहाराला धरून होतं. सभासदांनी एका खुर्चीचीच लिफ्ट 2007मध्ये नव्याने उभारून घेतली. ती कमी माणसं वर नेते म्हणून उतारावर गर्दी होत नाही, बर्फ लवकर खरवडला जात नाही. ‘जमत असेल तर इथे स्की करा’ अशा अर्थाचं त्यांचं स्टिकर व्हरमाँटपासून कितीतरी दूरच्या गाड्यांवरही चिकटलेलं दिसतं. इतकी स्वस्त आणि इतकी दूर पोचणारी जाहिरात मोठ्या कंपन्यांनाही साधत नाही.

नुसत्या कमी दराने लांबची माणसं येत नाहीत. आयडाहोतल्या बोगस बेसिनने 1998 साली हंगामाचा पास सुमारे 500 डॉलरवरून 199वर आणला आणि विक्रीची झुंबड उडाली. पण ती मुख्यतः खालच्या बॉयझी शहरातली माणसं होती. जवळच्यांसाठी दर निर्णायक ठरतो, लांबच्यांसाठी कारण. ज्यांच्याकडे एकट्याने पुरेसं कारण नाही अशांनी एकत्र यावं, ही कल्पना डग फिश यांनी 2019 साली इंडी पासमधून आणली : 199 डॉलरमध्ये अनेक स्वतंत्र ठिकाणी प्रत्येकी दोन दिवस. उत्पन्नाचा 85 टक्के वाटा ठिकाणांना, किती माणसं आली त्या प्रमाणात. एका टेकडीसाठी कुणी आठवडाभर फिरणार नाही. पाच टेकड्यांच्या वाटेवर मात्र फिरतो. आज या पासात दोनशेहून अधिक ठिकाणं आहेत.

आपल्या देशात नेमक्या कारणासाठी लांबून माणसं येण्याचा अनुभव गुलमर्गचा आहे. 1998 साली गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला तो प्रामुख्याने पर्यटकांचा. पुण्या-मुंबईच्या सहली आजही तो गाठतात. 2005 साली दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, 3,900 मीटरच्या वर पोचला आणि युरोप-ऑस्ट्रेलियातल्या स्कीपटूंनी गुलमर्ग हेरलं. आल्प्समध्ये सुखसोयी कितीतरी अधिक आहेत. पण एवढ्या उंचीवर केबलने नेऊन सोडणारा, न दाबलेल्या खोल बर्फाचा, अशा किमतीतला उतार जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. तोच बर्फ जीवही घेतो. फेब्रुवारी 2024मध्ये तिथे हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. लांबच्या माणसाला खडतर उतारासाठी बोलवायचं तर हिमस्खलनाचा रोजचा अंदाज आणि बचाव पथक यांवरचा खर्च हा त्या आमंत्रणाचाच भाग आहे, त्यात काटकसर चालणार नाही.

या सगळ्या मांडणीचा कच्चा दुवा हवामान आहे. त्याच 2024च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. मध्य-पश्चिम अमेरिकेतही तो हिवाळा विलक्षण उबदार गेला. विस्कॉन्सिनमधली बर्कबायनर ही एरवी 50 किलोमीटर जंगलातून जाणारी प्रसिद्ध स्की शर्यत कृत्रिम बर्फाच्या 10 किलोमीटरच्या फेऱ्यांवर उरकावी लागली. बोहेमियाकडे तर कृत्रिम बर्फाचाही आधार नाही. सरोवर कमी गोठलं तर हवेला बाष्प जास्त काळ मिळतं, त्यामुळे काही वर्षं हिमवर्षाव वाढूही शकतो. पण हवा शून्य अंशाच्या वर राहिली की तेच बाष्प पाऊस होऊन पडतं, आणि पावसासाठी डेट्रॉइटहून कुणी येणार नाही. सध्या कीविनॉच्या बाजूला दोन गोष्टी आहेत : उत्तरेचा अक्षांश आणि तीन बाजूंना पाणी. नोव्हेंबरअखेर पास घेणारी माणसं त्या दोन गोष्टींवर पैसे लावतात.