चुकलेल्या वजाबाकीचा मागोवा

५२ वजा २७ बरोबर ३५. तिसरीच्या वह्यांत, नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत काय नि पुण्यात काय, हे उत्तर हमखास भेटतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मुलाने मोठ्यातून लहान वजा करायचा नियम इमानाने पाळलेला असतो. अध्ययनाच्या उपपत्तींकडे मागे वळून पाहताना मला एकच विचारावंसं वाटतं: या चुकीचं आपल्या वर्गांनी काय केलं?

डी.एड. झालेल्या प्रत्येकाला थॉर्नडाईकचं मांजर पाठ असतं. १८९८ साली त्याने भुकेली मांजरं पेटीत कोंडली. चुकतमाकत त्यांना कळ सापडली आणि पुढे सुटकेचा वेळ कमी होत गेला. या प्रयत्न-प्रमादातून निघालेल्या नियमांपैकी वर्गात रुजला तो सरावाचा. पाढे दहा वेळा लिहा, गणित पुन्हा सोडवा. पुढे थॉर्नडाईकनेच माणसांचे डोळे बांधून त्यांना चार इंचांची रेघ हजारो वेळा ओढायला लावली. बरोबर की चूक ते सांगितलं नाही, आणि रेघ सुधारली नाही. १९३०च्या सुमारास त्याने नुसत्या सरावाचा नियम मागे घेतला. आपल्या वर्गांत तो अजून ठाण मांडून आहे, याची खंत वाटते.

१९३७ साली शेजारच्या वर्ध्यात हातकामातून शिकवणारी नयी तालीम मांडली गेली. टकळीवर सूत तुटलं की चूक हातालाच कळते. मानसशास्त्राचं नाव न घेता साधलेलं ते उत्तम मानसशास्त्र होतं, पण सरकारी शाळांत टिकलं नाही. १९९५च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने नोंदींचे तक्ते वाढवले.

मग रचनावाद आला. पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घेताना पियाजेला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्यांनी खिळवून ठेवलं होतं, हे या वादाचं मूळ. २०१०च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. त्यातली वर्णनात्मक नोंद म्हणजे मूल कुठे अडलं ते लिहायची जागा. तिथे 'अक्षर सुंदर आहे' अशी तयार वाक्यं उतरली. २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या रचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. मणीमाळ, काड्यांचे गठ्ठे, फरशीवरचे तक्ते शाळाशाळांत आले. त्यांचा उपयोग खरा आहे: दशकाचा एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या केल्या की ३५चे २५ मूल स्वतःच करतं. मात्र गठ्ठा सोडताना ते काय पुटपुटतं, हे ऐकायला दोन शिक्षकी शाळेत सवड कुठली?

आणि मुलांना हिशेब येत नाही, असंही नाही. कुही-मांढळच्या मिरची सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागांवर, देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते. तो हिशेब घरात तोंडी होतो आणि मुलांच्या कानावर पडतो. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात विक्रेत्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले, तीच आकडेमोड नुसती कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचं वाचन होतंच. गुरुजींनो, बाईंनो, त्यातला अर्धा तास काढा. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक चुकलेली वही आणा आणि मुलाने तसं का केलं असेल, यावर बोला.