धानाचा खोडकिडा व कामगंध सापळा

आपल्या सालेकसा तालुक्यांत रोवणी आटोपली कीं शेतकरी बांधवांचें लक्ष पाऊस व खत यांजकडे लागतें. परंतु याच सुमारास पिवळ्या खोडकिड्याचे पतंग रात्रीं बांधींत उतरूं लागतात, हें बहुधा ध्यानांत येत नाहीं. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालून तीं पिवळसर केसांनीं झांकते. सुमारें आठवड्यानें अळ्या निघून खोडांत शिरतात. फुटव्याच्या वेळीं शिरल्यास मधला गाभा वाळतो; निसवण्याच्या वेळीं शिरल्यास लोंबी पांढरी व पोचट निघते. अळी खोडांत गेल्यावर फवारा तिजपर्यंत नीट पोंचत नाहीं, आणि पांढऱ्या लोंबींत दाणा पुन्हां भरत नाहीं. म्हणून पतंग केव्हां आला हें वेळेवर कळणें अगत्याचें आहे.

तें कळविण्याचें साधन म्हणजे कामगंध सापळा होय. पतंगाची मादी अंगांतून विशिष्ट गंध सोडते व त्याच्या मागानें नर येतो. असा गंध प्रथम जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट व त्यांचे सहकारी यांनीं रेशमाच्या सुमारें ५ लक्ष पतंगांपासून वेगळा काढून १९५९ सालीं ओळखला. पुढें इतर किडींचे गंधहि कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागले. तो गंध रबराच्या लहान गोळींत मुरवितात. हिलाच ल्यूर म्हणतात. प्रत्येक जातीचा गंध निराळा असल्यानें कपाशीच्या बोंडअळीची गोळी धानांत टांगून उपयोग नाहीं. गादमाशीची वार्ताहि हा सापळा देत नाहीं.

पाहणीसाठीं एकरीं २ सापळे पुरेत. सापळा काठीस बांधून पिकाच्या शेंड्याहून सुमारें एक फूट उंच ठेवावा व पीक वाढेल तसा वर सरकवावा. गोळी तीन आठवड्यांनीं बदलावी. हातास तेल, तंबाखू वा औषध लागलें असतां तिला शिवूं नये.

दर दोन-तीन दिवसांनीं पतंग मोजून काढून टाकावे व आंकडा वहींत मांडावा. माझें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तारखेवांचून नोंदीस किंमत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.

आंकडा चढूं लागला कीं बांधींत उतरून पाहावें. चौरस मीटरांत एक अंडीपुंज किंवा शेंकडा ५ फुटवे वाळलेले आढळल्यास उपाय योजावा. न आढळल्यास औषधाचा खर्च वांचवावा, कारण फवाऱ्यानें कोळी व चतुर हे आपले मित्रहि मरतात. अंडीपुंज खुडून नष्ट करावे. अथवा ट्रायकोग्रामा जापोनिकम या मित्रकीटकाचीं कार्डें हेक्टरीं ५०,००० या प्रमाणांत लावावीं. हा कीटक अंड्यांवरच वाढतो, म्हणून कार्डें लावण्याची वेळ सापळ्याच्या आंकड्यावरून ठरवावी.

मात्र सापळ्यांत फक्त नर पडतात, आणि शेजारच्या बांधींतील मादी आपल्या धानावर येऊं शकते. यास्तव लगतच्या खातेदारांनीं आपले आंकडे दर आठवड्यास एकमेकांशीं ताडून पाहावे.